प्रस्तावना : वीस मिलिमीटरचा सिलिंडर

दिल्लीत, मुनिरक्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, गॅलरी बंद करून काढलेल्या सहा-सात फुटांच्या जागेत, पेट्रोलवर खरोखर चालणारे इंजिन बनवता येते. सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर, स्ट्रोक २४ मिलिमीटर, म्हणजे साधारण ७.५ सीसी. उंची वीतभर. पुढची सगळी प्रकरणे अशाच एका चार-स्ट्रोक इंजिनाबद्दल आहेत. पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, दोन झडपा, कॅम, कार्बुरेटर हे भाग सळ्या आणि ठोकळे कापून स्वतः करायचे. प्लग, बेअरिंगे, स्प्रिंगा आणि स्क्रू तेवढे बाजारातून आणायचे. या कामाला बहुतेक लोक विरंगुळा म्हणतात. विरंगुळा वाईट असतो असे नाही, पण त्या शब्दामुळे या कामाचे खरे मोल नजरेआड होते. घरात परवडेल अशी, आणि जिचा निकाल कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही अशी यंत्रविद्येची दुसरी परीक्षा माझ्या माहितीत नाही. हा दावा मोठा आहे याची मला कल्पना आहे, म्हणून त्याची बाजू इथे सविस्तर मांडतो.

पहिला प्रश्न असा की इंजिनच का? विजेची छोटी मोटर करणे सोपे असते, वाफेचे इंजिन दिसायला अधिक देखणे असते. पण मोटर आणि वाफेचे इंजिन, दोन्ही चुका पोटात घालतात. तांब्याच्या तारेचे ओबडधोबड वेटोळे, एक चुंबक आणि सेल एवढ्यावर शाळकरी मूलही मोटर फिरवून दाखवते. वाफेच्या इंजिनात पिस्टनच्या कडेने वाफ निसटत असली तरी बॉयलर मागून दाब पुरवत राहतो आणि चाक फिरते. पेट्रोल इंजिनाला मागून ढकलणारे कोणी नसते. आधीच्या स्फोटातून फ्लायव्हीलमध्ये जी शक्ती साठली तिच्याच बळावर त्याने पुढचे मिश्रण आत ओढायचे, दाबायचे, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडली तर पेटवायचे. गळती थोडी जास्त, घर्षण थोडे जास्त, मिश्रण थोडे पातळ, ठिणगी थोडी उशिरा, यांतली एकेक गोष्ट इंजिन कदाचित सहन करील. दोन एकत्र आल्या की ते चालणार नाही. आणि चालले नाही तर कारण सांगणार नाही. ते कारण बनवणाऱ्यानेच, एकेक शक्यता बाद करत, शोधायचे असते. वर्गात ‘जवळजवळ बरोबर’ उत्तराला निम्मे गुण मिळतात, इथे शून्य मिळते.

लहान इंजिन म्हणजे मोठ्याची छोटी प्रतिकृती, अशी एक समजूत आहे. तीच सगळ्यात आधी सोडावी लागते. मोटारीचा ८० मिलिमीटरचा सिलिंडर आणि आपला २० मिलिमीटरचा, दोघांचे प्रमाण तेच धरू. व्यास चौपट कमी झाला, तर आतली जागा चौसष्टपट कमी झाली, पण भिंतींचे क्षेत्रफळ फक्त सोळापट कमी झाले. म्हणजे जळणाऱ्या प्रत्येक थेंबामागे उष्णता पळवून नेणारी भिंत चौपट वाढली. पिस्टनभोवतीच्या फटीचे गणित याहून कठीण आहे. फट तेवढीच ठेवली तर तिची लांबी, म्हणजे परीघ, चौपटच कमी होतो. जागा मात्र चौसष्टपट कमी झालेली असते. ढोबळमानाने दाबलेल्या मिश्रणातला गळून जाणारा वाटा सोळापट होतो. त्यात अरुंद फटीतून जाणारा वायू फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाहतो: फट दुप्पट झाली की गळती सुमारे आठपट. म्हणून मोटारीच्या गॅरेजमध्ये जी सूट ‘चालेल’ म्हणून सोडून देतात ती इथे इंजिन बंद पाडते. प्लगची ठिणगी, पेट्रोलच्या थेंबाचा पृष्ठताण, पेट्रोलची वाफ होण्याचा वेग यांना इंजिनाच्या आकाराशी काही देणेघेणे नाही. ते जसेच्या तसे राहतात. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते, पण खात्री पटते ती पहिला सिलिंडर दाब धरत नाही तेव्हा.

दिल्लीची हवा यात आणखी एक अडचण टाकते. जानेवारीच्या पहाटे बंद गॅलरीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ गाठतो. २० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पिस्टन या ४० अंशांत बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे ०.०१ मिलिमीटर जास्त फुगतो. मायक्रोमीटरवरचे हे बरोबर एक घर. इंजिन तापल्यावर फरक याच्या कितीतरी पुढे जातो: १०० अंशांना २५ मायक्रॉन. म्हणून थंडीत अगदी चपखल बसलेला अॅल्युमिनियमचा पिस्टन पहिल्या दोन मिनिटांतच सिलिंडरमध्ये घट्ट धरतो. उपाय दोन आहेत. पिस्टन बिडाचाच करायचा, म्हणजे दोघे बरोबरीने फुगतील; किंवा अॅल्युमिनियमच्या पिस्टनला मोकळी सूट देऊन गळती अडवण्याचे काम बिडाच्या रिंगांवर सोपवायचे. नवशिक्याने पहिला उपाय धरावा असे माझे मत आहे. बीड कापताना काळी भुकटी उडते, हात आणि लेथचा पलंग दोन्ही घाण होतात, पण त्यात मिसळलेले ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते आणि घासून घासून त्याला आरशासारखी नाही तरी रेशमी झळाळी येते. तीच आपल्याला हवी असते.

झडपेच्या कामाला पुढे एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. ते लांबले आहे, आणि लांबायलाच हवे होते. झडपेची दांडी ३ मिलिमीटरची, डोके ९ मिलिमीटरचे, आणि बैठकीची पट्टी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. या पट्टीवर झडप पूर्ण गोलाईने टेकली पाहिजे. डोके आणि दांडी एकाच पकडीत, सळई चकमधून न काढता कापली तरच दोघांचा अक्ष एक राहतो. सळई उलटवून पुन्हा धरली की शतांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि झडप एका बाजूला टेकते, दुसरीकडे अधांतरी राहते. मग बारीक पेस्ट लावून बोटांनी फिरवत ती बैठकीवर घासायची. थोडे फिरवायचे, उचलायचे, जागा बदलायची, पुन्हा. पट्टीवर एकसारखे राखाडी, अखंड वर्तुळ उमटले की काम झाले. जिथे वर्तुळ तुटले तिथून दाब निसटणार, हे डोळ्याला दिसते. सुशिक्षित माणसाला ‘अंदाज’ हा शब्द हलका वाटतो. या वर्तुळाकडे पाहून आणखी किती घासायचे हे ठरवणारा अंदाज मोजमापाच्या पुढची पायरी आहे, मागची नव्हे.

आता इतिहासाकडे. घरगुती हत्यारांवर बनलेल्या इंजिनांनी जगाला काही दिले का, हा रास्त प्रश्न आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत बनवले. लेथ, ड्रिल प्रेस आणि हातहत्यारे एवढीच सामग्री. पोलादाच्या जाड पाटावर क्रँकशाफ्टचा आकार आखायचा, रेषेलगत भोके पाडत जायचे, नको तो भाग छिन्नीने उडवायचा आणि उरलेले लेथवर कातायचे, ही त्याची रीत. सुरुवातीच्या चाचणीतच अॅल्युमिनियमचे ओतीव केस फुटले आणि दुसरे ओतून घ्यावे लागले. त्या इंजिनाने सुमारे १२ अश्वशक्ती दिली आणि विमान उडाले. त्याच १९०३ साली बेळगावात, तेही सायकलच्याच धंद्यातून पुढे आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सुटले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान निघाले, १९१० मध्ये औंधच्या राजांच्या आधाराने किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९४६ मध्ये त्यांचे पुत्र शंतनुराव यांच्या काळात पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने काढली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्या मेस्त्र्यांनी उसाच्या मळ्यांना पाणी चढवणारी ऑइल इंजिने बनवली, आणि म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे तिथे आजही आदराने घेतली जातात.

यावर कोणी म्हणेल, हे तर कारखानदार, त्यांचा आणि गॅलरीतल्या लेथचा काय संबंध? कारखाना उभा करणे हा या पुस्तकाचा हेतू नाही आणि साडेसात सीसीच्या इंजिनातून तो उभा राहतो असेही मी म्हणत नाही. मला या उदाहरणांतून एकच धागा दाखवायचा आहे: ज्याने आरेखन केले त्याला धातू कसा कापला जातो हे ठाऊक होते, आणि ज्याने धातू कापला त्याला आरेखन वाचता येत होते. नंतर आपण हे दोन हात वेगळे केले. मुनिरक्याच्या शेजारीच आयआयटी आहे. १९५९ च्या जानेवारीत तिची कोनशिला बसली आणि ब्रिटनच्या मदतीने ती वाढली. दिल्लीतच पूसाला आयटीआय आहे, जिथे टर्नर, फिटर, मशिनिस्ट तयार होतात. एका ठिकाणी ताणाचे समीकरण सोडवतात, दुसऱ्या ठिकाणी कानस सपाट कशी चालवायची ते शिकतात. एका इमारतीतल्या माणसाला दुसऱ्या इमारतीत जायचे कारणच पडत नाही, आणि समाजात एकाला मान मिळतो, दुसऱ्याला मजुरी. हा दुभंग आपल्या यंत्रोद्योगाला फार महाग पडला आहे असे माझे ठाम मत आहे. घरातले इंजिन तो दुभंग मिटवणार नाही. पण ते बनवणाऱ्या एका माणसापुरती तरी दोन्ही कामे एकाच टेबलावर येतात, कारण समीकरण चुकले तरी ते चालत नाही आणि कानस चुकली तरी चालत नाही.

हा निवृत्त इंग्रजांचा छंद आहे, असाही आक्षेप येतो. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘द मॉडेल इंजिनिअर’ सुरू केले तेव्हा नावातच ‘हौशी वीजकारागीर’ही होता, घरी हत्यार धरणाऱ्या सगळ्यांसाठी ते होते. एडगर वेस्टबरी यांनी त्यात दिलेली छोट्या पेट्रोल इंजिनांची आरेखने, उदाहरणार्थ १५ सीसीचे चार सिलिंडरचे ‘सील’, आजही जगभर बनवली जातात. आपल्याकडे कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरने ‘ऑरोरा’ नावाची विमानांच्या नमुन्यांची इंजिने बनवून विकली, आणि एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते. परंपरा बारीक आहे, पण परकी नाही. मराठीतही नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने छोट्या उद्योगांची माहिती सोप्या भाषेत देण्याचे मोठे काम केले. यंत्रशाळेतल्या बारीक कामावर मात्र मराठीत फार थोडे लिहिले गेले. जे मेस्त्र्यांना येत होते ते त्यांच्या हातातच राहिले.

सगळ्यात वजनदार आक्षेप दिल्लीच्या हवेचा आहे, आणि त्याला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. हे इंजिन बिनभाराचे मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा हजार वेळा हवा ओढते. थ्रॉटल अर्धी मिटलेली असल्याने सिलिंडर निम्माच भरतो असे धरले तर मिनिटाला पावणेचार लिटर हवा, सुमारे ४.५ ग्रॅम. १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, म्हणजे मिनिटाला ०.३ ग्रॅम. पंधरा मिनिटांत सहा मिलिलिटर. आऊटर रिंग रोडवर सिग्नलला उभी असलेली मोटार एवढे पेट्रोल अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर जाळते. पण हा हिशेब अर्धाच आहे. मोटारीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, याला नसतो. थेंबामागे याचा धूर जास्त घाण असतो. म्हणून माझा आग्रह असा की लेथवरचे काम हिवाळ्यात करावे आणि इंजिन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, हवा धुतलेली असताना चालवावे. ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषण वाढले की लागू होणाऱ्या टप्प्यांचे निर्बंध चालू असतील त्या दिवशी तर चालवूच नये. कायदा या साडेसात सीसीला शोधत येणार नाही हे खरे, पण शेजारच्या दम्याच्या रोग्याला तो फरक सांगून उपयोग नाही.

धोक्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. दहा फूट लांब, रुंद आणि उंच बंद खोलीत हे इंजिन गडद मिश्रणावर पंधरा मिनिटे चालले तर सुमारे तीन लिटर कार्बन मोनॉक्साइड सुटू शकतो. खोलीच्या हवेत दहा लाखांत शंभर भाग. दोन-तीन तास ती हवा घेतली तर डोके दुखू लागते, आणि या वायूला वास नसतो. मुनिरका गावठाणात घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या आहेत, जिन्यातून वारा फिरत नाही. इंजिन चालवायची जागा एकच: उघडी गच्ची. ग्लो-प्लगच्या इंजिनांना मेथॅनॉल लागतो म्हणून या पुस्तकात ती घेतलेलीच नाहीत. मेथॅनॉल पोटात किंवा कातडीवाटे गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. पेट्रोल एका वेळी शंभर मिलिलिटरच, धातूच्या झाकणबंद डबीत. आवाजाचे नियमही माहीत असावेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा लेथ रबरी पायांवर ठेवला तर दिवसाच्या मर्यादेत बसू शकतो. उघड्या नळीचे इंजिन बसत नाही. सायलेन्सर कसा करावा हे शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे.

मालाबद्दल एक इशारा इथेच देतो. दिल्लीत हत्यारांसाठी जी. बी. रोड आणि पितळेसाठी चावडी बाजार पुरेसे आहेत. मायापुरीत जुन्या गाड्यांचे भंगार मिळते आणि तिथल्या पिस्टन-पिना, बेअरिंगे स्वस्तात उत्तम कामाची असतात. पण २०१० च्या एप्रिलमध्ये याच मायापुरीत दिल्ली विद्यापीठातून लिलावात आलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती उघडा पडला, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. तेव्हा ओळख न पटणारा जड, चकचकीत तुकडा ‘पोलाद दिसतेय’ म्हणून उचलू नये. क्रँकशाफ्टला ईएन ८ किंवा ईएन २४ प्रतीचे, दुकानदाराने प्रत सांगून दिलेले पोलादच घ्यावे. इंजिनाला लागते ते वीतभर. त्यात वाचणारे पैसे किती?

उरला तो काळाचा आक्षेप: गाड्या विजेवर जात असताना पेट्रोल इंजिन शिकायचे कशाला? उद्याच्या रस्त्यावर हे इंजिन धावावे म्हणून आपण ते बनवत नाही. विजेच्या मोटारीलाही शाफ्ट असतो, बेअरिंगची बैठक असते, गिअरच्या दातांना सूट द्यावी लागते, तापलेला धातू फुगतो. ज्याने २० मिलिमीटरचा सिलिंडर दाब धरेल असा घासला त्याला हे सगळे नव्याने शिकावे लागत नाही. सीएनसी यंत्र हाताशी असेल तर जरूर वापरावे, संगणकावर आरेखन करावे. पण ते यंत्र सांगितलेले माप कापते, कोणते माप सांगायचे ते सांगत नाही. चीनहून येणारे तयार संच आणून, स्क्रू आवळून इंजिन सुरू करणाऱ्यांचा आनंदही खरा आहे. त्यांना चालणारे इंजिन मिळते. न चालणाऱ्या इंजिनाने जे शिकवले असते ते मात्र मिळत नाही.

वाचकाला कामाला लागण्यापूर्वी एवढेच सांगायचे आहे. नवशिके बहुधा फ्लायव्हीलपासून सुरुवात करतात, कारण ते मोठे असते आणि लवकर चमकते. तसे करू नका. आधी ० ते २५ चा चांगला मायक्रोमीटर घ्या, मग सिलिंडर आणि पिस्टन करा. दोन्ही घासून झाले की घासायची पेस्ट केरोसीनने पूर्ण धुऊन काढा, पातळ तेलाचा थेंब लावा, सिलिंडरचे एक तोंड तळव्याने गच्च बंद करा आणि पिस्टन दुसऱ्या बाजूने बाहेर ओढून सोडा. तो आपणहून आत परतला पाहिजे. आता पिस्टन आत ढकला. हवेची उशी लागून तो उसळला पाहिजे, आणि चार-पाच सेकंद दाबून ठेवला तरी उसळी मेलेली नसावी. असे झाले नाही तर नवा पिस्टन करा, कितीही वेळा. ही चाचणी उतरल्यावरच क्रँकशाफ्टचे पोलाद कापायला घ्या.

मुनिरका, नवी दिल्ली